वेगळा डबा, वेगळी पंगत: अमेरिकेतील वर्णभेदाची पार्श्वभूमी

बडोद्यातील कमाटीबागेत दरवर्षी २३ सप्टेंबरला, आंबेडकरांनी अस्पृश्यतेशी लढण्याचा संकल्प केला त्या संकल्पभूमीवर लोक जमतात, तेव्हा अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील अस्पृश्यता यांची सांगड हमखास घातली जाते. ती निराधार नाही. मात्र 'गुलामगिरी होती, लिंकनने ती संपवली' एवढ्यावरच अमेरिकेचा इतिहास आटोपला जातो आणि खरा गुंता सुरू झाला तो त्यानंतर, हे राहून जाते.

१८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. पुढच्या पाच वर्षांत कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि त्यांच्यातील पुरुषांना मताधिकारही मिळाला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले ते याच आशेच्या काळात. १८७७ मध्ये मात्र दक्षिणेत या हक्कांना असलेले केंद्राच्या सैन्याचे पाठबळ निघून गेले, आणि मतदानकर व साक्षरतेच्या चाचण्या यांच्या आडून तो मताधिकार हिरावून घेण्यात आला.

लुइझियाना राज्याने १८९० मध्ये रेल्वेत गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी यांच्या आठ पणजोबा-पणजींपैकी एकच कृष्णवर्णीय होते आणि दिसायला ते गोरेच होते. कायद्याला आव्हान देण्यासाठी १८९२ मध्ये ते मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसले, आपला वंश सांगितला आणि अटक करवून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये 'वेगळे, पण समान' असेल तर चालेल, असा निर्वाळा दिला. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध नोंदवला आणि त्यात 'येथे जात नाही' असे लिहिले. त्यांना 'जात' हाच शब्द सुचावा, ही मराठी वाचकाने थबकून पाहण्याजोगी गोष्ट आहे.

सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनमधील टपाल व कोषागार खात्यांत काळ्या कारकुनांना वेगळे बसवायला सुरुवात केली होती. करारानुसार नोकरीसाठी आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास आले, तेव्हा असा कोणताही लेखी हुकूम नसताना शिपाई दुरूनच त्यांच्या टेबलावर फायली टाकत. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी नाव घेऊन एका धर्मशाळेत उतरले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. कमाटीबागेत काही तास काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. विरोधाभास असा की, अंत्यजांसाठी शाळा काढणारे आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे राज्य ते हेच. महाराजांचा हुकूम शिपायाच्या हातापर्यंत पोहोचला नव्हता.

अमेरिकेत कायदा स्वतःच भेदाच्या बाजूने उभा होता, त्यामुळे तेथील लढा न्यायालयात आणि रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी लढता आला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरवले, १९६४ च्या कायद्याने उपाहारगृहांतील व हॉटेलांतील भेद बेकायदा झाला आणि १९६५ मध्ये मताधिकाराला संरक्षण मिळाले. (आंबेडकरांनी १९४६ मध्येच कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.)

'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या उतरल्या, पण घरांचा प्रश्न राहिला. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या एका संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवल्या आणि सरकारी गृहकर्ज-विमाही अशा वस्त्यांना नाकारला गेला. मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंबाची मुख्य पुंजी म्हणजे त्याचे घर, आणि शाळांचा खर्च बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करातून चालतो. त्यामुळे ज्या वस्तीत घराची किंमत वाढली नाही, तेथील शाळेच्या तिजोरीतही पैसा आला नाही. २०२२ च्या केंद्रीय पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (संपत्तीच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या कुटुंबाची) कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट होती.