बंद केलेल्या ओळीची किंमत

प्रोग्राम नेमका कुठे अडतोय हे बघायला मध्येच एक प्रिंट टाकायचा, चूक सापडली की तो काढायचा आणि आठवड्याभराने तिथेच पुन्हा टाकायचा, हे कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने केलेलं असतं. मग वाटायला लागतं की या ओळी कायमच्या तिथेच राहाव्यात आणि एका खटक्यावर चालू-बंद व्हाव्यात. स्क्रिप्टिंग भाषांमध्ये ही सोय कशी आली हे बघायचं तर सुरुवात कंपायलरपासून, म्हणजे लिहिलेल्या कोडचं आधीच यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामपासून, करावी लागते, कारण मूळ कल्पना तिथली.

पंच कार्डांच्या काळात ओळीतल्या रकान्यांना ठरलेली कामं होती. फोरट्रानमध्ये पहिल्या रकान्यात सी असला की ती ओळ कॉमेंट, म्हणजे फक्त माणसांसाठीची टीप. डेकसारख्या संगणक कंपन्यांच्या कंपायलरांनी त्यात भर घातली: पहिल्या रकान्यात डी असला तर ती डीबगिंगची ओळ. कंपायलरला तसं सांगितलं तर ती खरी, नाहीतर कॉमेंट. कोबॉलच्या १९७४च्या प्रमाणात हीच युक्ती सातव्या रकान्यातल्या डीच्या रूपाने आली. प्रोग्रामच्या सुरुवातीच्या भागातून ‘विथ डीबगिंग मोड’ एवढे तीन शब्द काढले की तशा सगळ्या ओळी एकदम गप्प. सी भाषेला १९७२-७३च्या सुमारास प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुरात फेरफार करणारा टप्पा, मिळाला आणि ‘इफडेफ डीबग’ (डीबग ठरवलेलं असेल तरच पुढच्या ओळी ठेव) हा पुढच्या पिढ्यांचा नेहमीचा मंत्र झाला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बंद केलेली ओळ तयार प्रोग्राममध्ये नसतेच. तिचा वेळ शून्य, जागा शून्य.

स्क्रिप्टमध्ये हे सहज जमत नाही. तिथे मूळ मजकूर हाच चालणारा प्रोग्राम, त्यामुळे ओळ ‘बंद’ असली तरी इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, तिच्यापाशी येतो, थांबतो, आता काय करायचं ते ठरवतो आणि मगच पुढे जातो. माझ्या मते या विषयाचा पुढचा सगळा इतिहास ही किंमत कमी करण्याच्या धडपडीचा आहे.

युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही किंमत अगदी उघडी दिसते. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. त्यात ‘सेट’ला एक्सचा पर्याय दिला की चालणारी प्रत्येक आज्ञा पुढे + चिन्ह लावून पडद्यावर उमटते. ही सोय अजून तशीच आहे आणि रोज वापरली जाते. फक्त ती व्हेरिएबलच्या किमती भरून झाल्यावरची आज्ञा दाखवते, म्हणजे आज्ञेत पासवर्ड असेल तर तोही लॉगमध्ये जातो. आपल्याला हव्या तेवढ्याच ओळी चालू-बंद करायला लोकांनी वेगळी युक्ती काढली. शेलमध्ये नुसता कोलन ही सुद्धा एक आज्ञा आहे आणि ती काहीच करत नाही. ‘डीबग’ नावाचं व्हेरिएबल घ्यायचं आणि प्रत्येक तपासणीच्या ओळीची सुरुवात त्याने करायची. व्हेरिएबल रिकामं असेल तर पुढचा ‘एको’, म्हणजे मजकूर छापणारी आज्ञा, चालतो. त्यात कोलन भरला की ‘एको’ आणि त्यापुढचा मजकूर कोलनचे आर्ग्युमेंट, म्हणजे आज्ञेला पुरवलेले शब्द, ठरतात आणि कोलन ते सगळं गिळून टाकतो.

युक्ती सुंदर आहे, पण त्या ‘एको’मध्ये फोल्डरमधल्या फायली मोजणारी दुसरी आज्ञा गुंफली असेल तर? शेल आधी आर्ग्युमेंट तयार करतो, मग ते आज्ञेच्या हवाली करतो. म्हणजे फायली मोजल्या जातात, आकडा तयार होतो आणि मग तो कोलनच्या पोटात जातो. छापणं थांबलं, काम थांबलं नाही. आधी आर्ग्युमेंट, मग फंक्शन हा क्रम जवळजवळ सगळ्याच स्क्रिप्टिंग भाषांमध्ये आहे, म्हणून ‘डीबग’ नावाचं फंक्शन लिहून त्याच्या पोटात अट तपासणं कधीच पुरेसं पडलं नाही.

लॅरी वॉल यांची पर्ल ही स्क्रिप्टिंग भाषा १९८७ साली आली. तिच्यात मोठा पी हा पर्याय होता. तो दिला की स्क्रिप्ट आधी चक्क सीच्या प्रीप्रोसेसरमधून जात असे, म्हणजे इफडेफ आयतंच हाताशी. पण पर्लची कॉमेंट # चिन्हाने सुरू होते आणि प्रीप्रोसेसरच्या सूचनाही त्याच चिन्हाने. कोणी साध्या कॉमेंटची सुरुवात ‘इफ’ किंवा ‘डिफाइन’ या शब्दाने केली की प्रीप्रोसेसर तिलाच हुकूम समजायचा. मजकूर बदलण्याच्या आज्ञेत दोन तिरप्या रेघा लागून आल्या तर काही प्रीप्रोसेसरांना ती कॉमेंटची सुरुवात वाटायची. पर्लच्याच मार्गदर्शिकेत याबद्दल सावधगिरीची सूचना होती. शेवटी २०१०च्या ५.१२ आवृत्तीतून हा पर्याय काढून टाकला.

पर्लमध्ये टिकला तो दुसरा मार्ग. पर्ल चालवण्याआधी संपूर्ण स्क्रिप्ट वाचते आणि तिचं आतल्या आत रूपांतर करून घेते. त्या टप्प्यावरच एखादी किंमत कधीही न बदलणारी आहे हे कळलं, तर खोट्या अटीखालचा कोड ती उचलून फेकते. ‘कॉन्स्टंट’ची सोय आल्यावर वरच्या बाजूला डीबग शून्य असं जाहीर करायचं आणि प्रत्येक ओळीला ‘इफ डीबग’ जोडायचं, एवढ्यावर काम भागलं. इथे ओळ खरोखर नाहीशी होते, आर्ग्युमेंटसकट. मला हा या इतिहासातला सर्वात नेटका टप्पा वाटतो, कारण त्यासाठी बाहेरचं काही आणावं लागलं नाही, भाषेच्या स्वभावात होतं तेच वापरलं.

पायथॉनने हाच विचार भाषेतच बसवला. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं ‘डीबग’ हे नाव एरवी खरं असतं. मोठ्या ओचा पर्याय देऊन पायथॉन चालवला की ते खोटं होतं, त्याच्या अटीखालचा कोड बाइटकोडमध्ये, म्हणजे पायथॉन प्रत्यक्ष चालवतो त्या रूपात, येतच नाही आणि ‘असर्ट’च्या ओळीही, म्हणजे एखादी अट खरी आहे ना हे तपासणाऱ्या ओळी, गळतात. सापळा इथेच आहे. कोणी असर्टच्या ओळीतच यादीतून एक घटक काढून घेतला, तर तो पर्याय दिल्यावर ती यादी कधी रिकामी होतच नाही. वापरणाऱ्याला परवानगी आहे का हे असर्टने तपासलं असेल, तर ती तपासणीच उडते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७३ सालीच याच्या मुळाशी बोट ठेवलं होतं: सरावात तपासण्या ठेवायच्या आणि खऱ्या वापरात काढायच्या, हे जमिनीवर शिकताना लाइफ जॅकेट घालून समुद्रात जाताना ते उतरवण्यासारखं आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. छापणाऱ्या ओळी बंद कराव्यात, तपासणाऱ्या ओळींना हात लावण्याआधी दहादा विचार करावा.

पीएचपी या भाषेत असर्टला एके काळी स्ट्रिंग देता येत असे आणि ती स्ट्रिंग कोड म्हणून चालवली जाई. २०१५च्या सातव्या आवृत्तीत असर्टसाठी उणे एक ही सेटिंग आली. ती ठेवली की असर्टचा कोड तयारच होत नाही. स्ट्रिंगची ती धोकादायक सोय आठव्या आवृत्तीत गेली.

दरम्यान गरजच बदलली होती. सर्व्हरवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोग्राममधून तपासणीच्या ओळी काढून टाकणं कोणाला नको होतं, कारण अडचण आली की त्या तिथेच हव्या असत. सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या एरिक ऑलमन यांनी त्याच्यासोबत सिसलॉग हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम तयार केला होता. त्यात नोंदींना पायऱ्या आहेत, शून्य म्हणजे आणीबाणी आणि सात म्हणजे डीबग. ‘चालू की बंद’ऐवजी ‘कुठल्या पायरीपर्यंत’ असा प्रश्न झाला. २००३च्या पायथॉन २.३मध्ये लॉगिंगचं मॉड्यूल आलं तेही याच विचाराचं. त्यात वाक्याचा साचा आणि त्यात भरायच्या किमती वेगवेगळ्या द्यायच्या असतात, म्हणजे नोंद खरोखर होणार असेल तरच वाक्य जुळवलं जातं. त्या किमती काढण्याचा खर्च मात्र राहतोच. रुबी भाषेच्या लॉगरला त्याऐवजी ब्लॉक, म्हणजे कोडचा एक तुकडा, देता येतो आणि पायरी बंद असेल तर तो ब्लॉक उघडलाच जात नाही. टीसीएल भाषेमध्ये महिरपी कंसात दिलेला मजकूर मुद्दाम चालवेपर्यंत नुसता मजकूरच राहतो, म्हणून तिथे हे आणखी सहज जमतं.

झोपलेला कोड तिथेच असतो, याची दुसरी बाजू नोव्हेंबर १९८८मध्ये दिसली. रॉबर्ट मॉरिस यांचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर पसरला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलची डीबग आज्ञा होती. तपासणीसाठी ठेवलेली ती सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती आणि तिच्यामुळे पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी थेट आज्ञा देता येत होती.

जावास्क्रिप्टमध्ये तर चाक फिरून जुन्या जागी आलं. तिला प्रीप्रोसेसर कधीच नव्हता, पण ब्राउझरकडे जाणारा प्रत्येक बाइट मोलाचा. म्हणून ‘नोड एन्व्ह’ नावाच्या व्हेरिएबलच्या जागी बांधणी करणारं, म्हणजे कोड ब्राउझरसाठी तयार करणारं, साधन ‘प्रॉडक्शन’ हा शब्द जसाच्या तसा चिकटवतं. ‘प्रॉडक्शन नसेल तर’ ही अट मग वाचतानाच खोटी ठरते आणि फाइल लहान करणारं दुसरं साधन तिच्याखालच्या सगळ्या सूचना कापून टाकतं. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीमधले विकासाच्या वेळचे इशारे असेच गळतात. हे फक्त बांधणीच्या सेटिंगवर अवलंबून असतं. ते चुकलं तर सगळे इशारे वापरणाऱ्याच्या ब्राउझरपर्यंत जातात आणि पान जड होतं.