एकाच घाटात दोघांचे ठोके वेगळे का?

रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात सायकलवाल्यांची रांग लागलेली असते. वर पोहोचून दम खाता खाता आकड्यांची देवाणघेवाण सुरू होते. एक म्हणतो, माझा ॲव्हरेज हार्ट रेट १३८. दुसरा घड्याळात बघतो, तर १६४. दोघे बरोबरीने चढलेले, वयही जवळपास सारखे. दुसऱ्याच्या मनात पाल चुकचुकते: आपला फिटनेस इतका कमी आहे, की हृदयातच काही गडबड आहे? खरे तर या दोन आकड्यांवरून यातले काहीही ठरत नाही. तरीही याच तुलनेपायी कितीतरी जण आपला सराव बिघडवून घेतात.

आधी हे बघू, की दोघांनी काम तरी सारखे केले का? पायथ्यापासून चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. ६० किलोचा माणूस १० किलोच्या सायकलवर ५० मिनिटांत वर गेला, तर नुसते वजन वर उचलायला त्याला सरासरी १३७ वॅट लागतात. त्याच्या शेजारून, त्याच वेगाने जाणाऱ्या ८० किलोच्या माणसाला १७६ वॅट लागतात. टायरचे घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा. म्हणजे जोडीने गप्पा मारत चढलेल्या दोघांपैकी एकाने जवळजवळ ४० वॅट जास्त ओढलेले असतात. त्याचे ठोके जास्त पडले, तर त्यात नवल काय?

आता वजन सारखे आणि वॅटही सारखे धरू. ८० किलोच्या माणसाला २०० वॅटने पायडल मारायला मिनिटाला साधारण २.७ लिटर ऑक्सिजन लागतो. हा ऑक्सिजन रक्तातून येतो. एक लिटर रक्तात तो सुमारे २०० मिलिलिटर असतो आणि जोराच्या व्यायामात शरीर त्यातला १५०च्या आसपास काढून घेते. म्हणजे हृदयाला मिनिटाला १८ लिटर रक्त पुढे ढकलावे लागते. यातून सुटका नाही, हृदय कोणाचेही असो. प्रश्न एवढाच, की ते किती ठोक्यांत ढकलायचे. ज्याचे हृदय एका ठोक्याला १३० मिलिलिटर फेकते, त्याचे काम १३८ ठोक्यांत होते. ११० मिलिलिटर फेकणाऱ्याला १६४ लागतात. मोठ्या बादलीने टाकी भरणाऱ्याला फेऱ्या कमी पडतात, तसेच हे. घड्याळ फेऱ्या मोजते, बादली त्याला दिसत नाही.

दर ठोक्यामागच्या या रक्ताला शरीरशास्त्रात स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणतात. तो काही अंशी जन्मजात मिळतो, काही अंशी कमावता येतो. उंच माणसाचे हृदय साधारणपणे मोठे असते. स्त्रियांचे हृदय पुरुषांच्या मानाने सरासरीने लहान असते आणि हिमोग्लोबिनही थोडे कमी असते. त्यामुळे तेवढ्याच वॅटला त्यांचे ठोके जास्त पडणे अगदी स्वाभाविक आहे. नवऱ्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून खट्टू होणाऱ्या बायकांना हे कोणीतरी सांगायला हवे.

मिगेल इंदुराइन हा स्पेनचा सायकलपटू. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे त्याने टूर द फ्रान्स जिंकली आणि १९९४ मध्ये बोर्दोच्या ट्रॅकवर एका तासात ५३.०४० किलोमीटर कापून विक्रम केला. त्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला २८ असल्याचे नेहमी सांगितले जाते. मला मात्र त्याच्याबद्दलचा दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. निवृत्तीनंतर १४ वर्षांनी, वयाच्या ४६व्या वर्षी, संशोधकांनी त्याला पुन्हा प्रयोगशाळेत सायकलवर बसवले. तेव्हा वजन ९२ किलोंवर गेले होते, पण पूर्ण जोर लावल्यावर ठोके पोहोचले १९१ वर. कमाल ठोके सांगणाऱ्या, २२० वजा वय या सर्वपरिचित सूत्राने ते १७४ व्हायला हवे होते!

हे सूत्र जिमच्या भिंतीवर असते, घड्याळात असते, आणि लोक त्याला नियम मानतात. पण ते मुद्दाम केलेल्या एखाद्या प्रयोगातून निघालेले नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उपलब्ध माहितीवरून ओढलेली ती ढोबळ रेघ होती. २००१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सुधारित सूत्र निघाले. तेही सरासरीच सांगते. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २०-२५चा फरक सहज असू शकतो. चाळिशीतल्या एकाची कमाल १७२, दुसऱ्याची १९८. घाटात दोघांच्याही घड्याळात १६५ दिसले, तर पहिला ९६ टक्क्यांवर आहे, बोलणे सोडा, मान वर करणेही त्याला जड जाते. दुसरा ८३ टक्क्यांवर आहे आणि अजून बराच वेळ तसाच चढत राहील. आकडा एकच, पण अवस्था पार वेगळ्या.

शिवाय सरावाने कमाल ठोके वाढत नाहीत, उलट कधीकधी दोन-चार कमीच होतात. सरावाने बदलते ते वेगळेच. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, हृदय अधिक भरते आणि तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात. पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत डावा कप्पा प्रशस्त होतो, मांड्यांच्या स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) वाढतात, आणि आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढता येतो. कमालीच्या किती टक्क्यांवर माणूस तासभर टिकू शकतो, ती पातळीही वर सरकते. माझ्या मते फिटनेसचा खरा फरक दिसतो तो इथे. उलटही तितक्याच पटकन होते: आजारपणात दोन-तीन आठवडे सायकल सुटली, की वाढलेला द्रव ओसरतो आणि ओळखीचा चढ चढताना ठोके वर जातात. फिटनेस मातीमोल झाला असे समजून तेव्हा कोणी हात टेकू नयेत.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिलमध्ये सकाळी आठनंतर रस्त्यावर असाल, तर शरीराला एकाच वेळी दोन ठिकाणी रक्त पुरवावे लागते, स्नायूंना आणि गार होण्यासाठी त्वचेला. घामाने तासाला लिटरभर पाणी सहज जाते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, दर ठोक्यामागचे रक्त घटते आणि तेच वॅट राखायला ठोके हळूहळू दहा-पंधराने चढतात. फेब्रुवारीतल्या राइडशी एप्रिलच्या राइडची तुलना करताना हे विसरून चालत नाही. कमी झोप, अंगातला बारीक ताप, कडक कॉफी, यांनीही आकडा हलतो. मनगटावरच्या सेन्सरचा तर वेगळाच घोळ: हँडलवर मनगट वाकलेले, रस्ता खडबडीत, मग त्याचा हिरवा प्रकाश भलतेच काही मोजतो. छातीवरचा पट्टा हृदयाची विद्युत लहर टिपतो, म्हणून तोच घ्यावा.

मग तुलना करायची तरी कशाशी? स्वतःच्याच जुन्या नोंदीशी. तोच चढ, साधारण तसेच हवामान, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारे उपकरण, असेल तर सरासरी वॅटला सरासरी ठोक्यांनी भागा. २०० वॅटला १६० ठोके म्हणजे १.२५. पुढच्या वेळी त्याच वॅटला १५२ पडले, तर १.३२. ही प्रगती आहे, मग शेजारच्याचे ठोके १३८ असोत की १७५. पॉवर मीटर महाग आहे. तो नसेल तर वजन फारसे बदललेले नसताना त्याच चढाला लागलेला वेळ आणि ठोके एवढेही पुरते. दुसरी एक चाचणी सपाट रस्त्यावर करता येते. दोन तास एकाच जोराने चालवा आणि पहिल्या तासाचे वॅट आणि ठोक्यांचे गुणोत्तर दुसऱ्या तासाशी ताडून बघा. घसरण पाच टक्क्यांच्या आत राहिली, तर पाया चांगला आहे असे प्रशिक्षक मानतात.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना मात्र यातला कुठलाच आकडा लागू नाही, ते औषध ठोके मुद्दामच दाबून ठेवते. त्यांनी धाप किती लागते आणि बोलता येते का, यावरच जोर ठरवावा. विश्रांतीत ४५ ठोके असणे रोज सायकल चालवणाऱ्याला शोभते, पण सोबत चक्कर येत असेल तर तपासणी हवी. छातीत दुखले, भोवळ आली, तर सायकल तिथेच थांबवायची. आणि जोर तोच असताना ठोके एकदम दोनशेच्या वर उडी मारून तसेच एकदम खाली आले, तर आधी पट्टा ओला करून नीट बसवून बघा. तरीही पुन्हा तसे झाले, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. वर्षानुवर्षे लांब पल्ल्याची मेहनत करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याचे, प्रमाण थोडे जास्त आढळते, आणि ते वेळेवर सापडले तर त्यावर उपचार आहेत.