ध्वनी-लायब्ररींचे अवलंबन (मुक्तस्रोत खेळांतील)

मुक्तस्रोत खेळाचा रिलीज बिल्ड (खेळणाऱ्याला द्यायची तयार आवृत्ती) ज्या ध्वनी-लायब्ररींवर, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या तयार कोडच्या संचांवर, चालतो त्या निवडणे, त्यांच्या आवृत्त्या पक्क्या करणे, खेळणाऱ्यापर्यंत त्या पोचवणे आणि त्यांच्या परवान्यांच्या अटी पाळणे, असे हे सगळे काम आहे. ओपनएएल सॉफ्ट आणि एसडीएल मिक्सर या बऱ्याच वापरातल्या लायब्ररी. ‘सुपरटक्सकार्ट’ पहिलीवर चालतो, ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ दुसरीवर.

काम अवघड होते ते एका लायब्ररीला दुसरी लागण्याच्या साखळीमुळे. समजा, इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांनी राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरीवर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीवर) खेळ रचला आणि ताशांचे ध्वनिमुद्रण ऑग व्हॉर्बिस या मुक्त ध्वनी-फॉरमॅटमध्ये ठेवले. ते वाचायला लिबव्हॉर्बिसफाइल लागते, तिला लिबव्हॉर्बिस, आणि दोघींना लिबऑग. खेळ लिहिणाऱ्याच्या मशीनवर या तिन्ही आधीच असतात, त्यामुळे उणीव त्याला दिसतच नाही. विंडोजसाठी एमसिस२ या साधनसंचावर बिल्ड करून झिपमध्ये नुसती ईएक्सई (खेळ चालवणारी फाइल) टाकली, तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ‘लिबओपनएएल-१.डीएलएल’ सापडत नसल्याचा संदेश येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याकडे सहसा ॲडमिन पासवर्ड नसतो, तेव्हा ‘आधी अमुक इन्स्टॉल करा’ ही सूचना तिथे कुचकामी ठरते. डीएलएल फायली (विंडोजवरच्या लायब्ररींच्या फायली) ईएक्सईच्या शेजारीच द्याव्यात, हेच बरे.

ज्या उणिवेचा संदेशही येत नाही ती जास्त घातक. लिनक्सवर एलडीडी ही आज्ञा जोडलेल्या लायब्ररींची यादी देते. पण पल्सऑडिओ, पाइपवायर यांसारखे आवाज स्पीकरपर्यंत नेणारे मार्ग ओपनएएल सॉफ्ट खेळ सुरू झाल्यावर उघडते आणि एसडीएल मिक्सरचे काही बिल्ड डिकोडरही (ध्वनी-फाइल उलगडणारे भागही) तसेच उघडतात. ही नावे एलडीडीच्या यादीत येत नाहीत. डिकोडर नसला, आणि खेळाने ती चूक तपासली नसली, तर चित्र नीट हलते, ताशा मात्र वाजत नाही. म्हणून विकसनाची कोणतीही पॅकेजे नसलेल्या कोऱ्या मशीनवर प्रत्येक रिलीज ऐकून पाहण्याला पर्याय नाही. मॅकवर ओटूल या आज्ञेने लायब्ररींच्या वाटा तपासून होमब्र्यूच्या (मॅकवर पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरकडे जाणाऱ्या वाटा बदलाव्या लागतात.

परवान्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा. ओपनएएल सॉफ्ट एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे; वापरणाऱ्याला लायब्ररीची स्वतःची आवृत्ती बसवता यावी, अशी त्याची अट आहे. लायब्ररी वेगळी फाइल म्हणून दिली की ती अट सहज पाळली जाते. एसडीएल मिक्सरचा झेडलिब परवाना बराच सैल आहे. एफमॉडसारखी मालकीची लायब्ररी मात्र जीपीएल या जास्त कडक मुक्त परवान्याच्या खेळात खास सवलतीशिवाय चालत नाही. ‘डूम’ या खेळाचा सोर्स (मूळ कोड) १९९७ मध्ये खुला झाला तेव्हा डॉस आवृत्तीतली ध्वनी-लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, म्हणून लिनक्स आवृत्तीचा सोर्स द्यावा लागला. एमपी३ची पेटंटे २०१७ पर्यंत लागू होती. मुक्तस्रोत खेळांत व्हॉर्बिस रुजण्याचे ते एक मोठे कारण.

लायब्ररी खेळासोबत देण्याच्या वरच्या सल्ल्याच्या उलट डेबियन या लिनक्स वितरणाचे धोरण आहे: लायब्ररीच्या प्रती खेळाबरोबर बांधलेल्या तिथे सहसा चालत नाहीत, सिस्टिमचीच लायब्ररी वापरावी लागते. त्यामुळे सीमेक या बिल्ड-साधनात सोबतची लायब्ररी आणि सिस्टिमची लायब्ररी असे दोन्ही पर्याय पहिल्यापासून ठेवावेत.