झिरो माइल, बांध आणि एक नॅनोसेकंद

नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून मोबाइलमधला नकाशा उघडा. तुम्ही जागचे हललेले नसता, पण निळा ठिपका कधी शेजारच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांपाशी असतो, तर कधी थेट रस्त्याच्या मधोमध. (हा देशाचा मध्यबिंदू, असं आम्ही नागपूरकर पाहुण्यांना ठासून सांगतो. भूगोलवाले वाद घालतात, घालू देत.) ठिपक्याच्या या भटकण्यामागे बरीच कारणं असतात. आसपासच्या इमारतींवर आदळून येणारे संदेश असतात, वातावरणाचे वरचे थर असतात. पण ही सगळी आवरली, तरी एक दुखणं उरतंच. ते म्हणजे उपग्रहातलं घड्याळ.

पूर्वी अंतर साखळीने मोजत, आता ते वेळेने मोजतात. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘मी अमुक वाजता निघालो’ असं सांगतो. संदेश पोहोचायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, हे झालं अंतर. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी. निघाल्याची वेळ पाच नॅनोसेकंदांनी चुकली, तर अंतरात दीड मीटरची चूक आलीच.

सापेक्षतावादामुळे वरचं घड्याळ रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. चूक मोठी, पण ठरलेली. त्यामुळे घड्याळ पाठवतानाच तेवढं मंद लावतात. खरी डोकेदुखी त्याच्या लहरीची आहे. उपग्रहातलं रुबिडियमचं अणुघड्याळ कितीही शहाणं असलं, तरी दिवसाकाठी नॅनोसेकंदांच्या हिशेबात इकडेतिकडे होतंच, आणि उद्या किती होईल याचा निव्वळ अंदाजच बांधता येतो. तोच अंदाज उपग्रह आपल्याला ऐकवत असतो.

गंमत म्हणजे सगळे उपग्रह सारखेच चुकले, तर आपलं काहीच बिघडत नाही. घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे असली, तर घरातल्या घरात कुणाचा गोंधळ होतो का? सामायिक चूक आपल्या यंत्राच्या घड्याळाच्या खात्यात जमा होते. ते खातं तसंही अज्ञात धरलेलं असतं, म्हणून तर तीनाऐवजी चार उपग्रह लागतात. घात होतो तो प्रत्येक घड्याळ वेगवेगळं चुकल्यावर.

मग वरचं घड्याळ तपासायचं कसं? गणित उलटं फिरवून. स्वतःची जागा पक्की ठाऊक असेल, तर येणाऱ्या संदेशावरून उपग्रहाची चूक काढता येते. विमानांसाठीच्या ‘गगन’ यंत्रणेची अशी १५ संदर्भ केंद्रं देशात आहेत आणि त्यांतलं एक नागपूरला आहे. जमिनीवरून पाहताना एक अडचण मात्र येते: घड्याळ मागे पडलं की उपग्रहच थोडा वर-खाली सरकला, हे वेगळं ओळखणं कठीण जातं. म्हणून उपग्रहाची कक्षा एका संस्थेच्या हिशेबातली आणि घड्याळाची चूक दुसरीच्या, अशी खिचडी जाणकार टाळतात.

एवढ्या काटेकोरपणाची गरज कुणाला? ज्याचा बांध शेजाऱ्याने कोरलाय, त्याला विचारा. आपल्याकडे कोर्टकचेऱ्या एका फुटावरून होतात, आणि तो फूट म्हणजे एक नॅनोसेकंद! मोजणीचा रोव्हर (शेतात फिरवायचं उपग्रह-यंत्र) जवळच्या स्थिर केंद्राशी जोडलेला असला, तर उपग्रहाची तीच चूक दोन्हीकडे येते आणि वजाबाकीत उडून जाते. पण गडचिरोलीच्या जंगलात, जवळ कुठलंही केंद्र नसताना, एकट्या यंत्रावर सेंटिमीटर गाठायचा असेल, तर घड्याळाची चूक बाहेरूनच मिळवावी लागते. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा (जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह-यंत्रणांचं एकत्रित नाव) ती जगभरच्या केंद्रांवरून काढते. उपग्रह स्वतः जी वेळ सांगतो, ती सुमारे पाच नॅनोसेकंदांपर्यंतच विश्वासाची; या सेवेचा अंतिम हिशेब नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचा. फक्त तो हाती यायला दोन आठवडे लागतात. तोवर बांधावर दोन्ही बाजूंनी खुणेचे दगड रोवून झालेले असतात.