जीप ट्रेल नावाची तुटक रेषा

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या आग्नेय भागात खोल दऱ्यांचा कॅन्यन-मुलूख आहे. त्याचे १८८०च्या दशकातले नकाशे १:२,५०,००० मापाचे, आणि त्यांच्या दोन समोच्च रेषांत, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांत, २५० फुटांच्या उंचीचं अंतर. दोनशे फुटी कडा कागदावर उमटलाच नाही, तर दोष कुणाला द्यायचा? गुरं राखणाऱ्यांचं मात्र अडत नव्हतं. पाणी कुठे मिळेल आणि जनावरं कुठून खाली उतरतील, हे त्यांना पाठ होतं.

आज हौशी लोक जपून ठेवतात ते १९५०च्या दशकातले १:६२,५०० मापाचे नकाशे. तोवर हवाई छायाचित्रांचा आधार मिळाला होता आणि युरेनियम शोधणारे जीप घेऊन थेट दऱ्यांत घुसत होते. झरे आणि गुरांचे वाडे यांच्या शेजारी आता तुटक रेषा दिसू लागली. तिच्यावरचे शब्द : ‘जीप ट्रेल’, म्हणजे जीपची वाट.

सगळा घोळ याच दोन शब्दांत आहे. १८६६ च्या एका वाक्याच्या कायद्याने सरकारी जमिनीवरून सार्वजनिक रस्ता काढण्याचा हक्क दिला होता. १९७६ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण तोपर्यंत मिळालेले हक्क शाबूत राहिले. मग रस्ता आधीपासून होता याचा पुरावा म्हणून जुना नकाशा पुढे येऊ लागला. पाणंदीसाठी गावनकाशा घेऊन तहसील गाठणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

याच मुलखातल्या सॉल्ट क्रीक या ओढ्याच्या दरीतली वाट तर बऱ्याच ठिकाणी ओढ्याच्या पात्रातूनच जाते. १९६४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, १९९८ मध्ये वरच्या दरीत गाड्या बंद झाल्या, आणि स्थानिक काउंटीने (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) कोर्टात वाटेवर हक्क सांगितला. गुरं त्या दरीत कित्येक दशकं चरत होती आणि पुढे जीपही आल्या, हे खरंच. पण हक्कासाठी उद्यानापूर्वी सलग दहा वर्षं सर्वांचा राबता दाखवावा लागत होता, आणि तो सिद्ध झाला नाही. २०१४ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मला निकाल पटतो. सर्वेक्षकाने जमिनीवर चाकोरी पाहिली आणि रेषा ओढली. त्या चाकोरीवर हक्क कुणाचा, हे ठरवणं त्याचं काम नव्हतं.

यूटात अशा १२ हजारांहून अधिक वाटांवर दावे ठोकले गेले आहेत. जुने नकाशे आता फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या हाती तीच तुटक रेषा असते.