लहान मुलांसोबत उन्हाळी भटकंती: सामान नेण्याआधी एवढं वाचा

तंबू, पाठीवरची बाळखुर्ची किंवा लाइफ जॅकेट भाड्याने न्यायला आलेले आई-बाबा बहुतेक वेळा आधी विचारतात, "लहान मुलांना घेऊन कुठे जाता येईल?" आमचा उलट प्रश्न असतो, बाळ दुपारी किती वाजता झोपतं? लहान मुलांची सहल जमते ती वेळ साधली तर. सकाळी लवकर निघा, दहाच्या आत चालणं-चढणं उरका, दुपारची झोप सावलीत होऊ द्या आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडा. दहा ते चार या वेळात अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात आणि थकलेली मुलं किरकिर करतात तीही याच वेळात. दिवसाला एकच बेत पुरे. ओढ्याकाठी दगड गोळा करण्यात तास गेला आणि धबधबा राहिला, तर राहू दे. धबधब्याची हौस मोठ्यांची असते, तीन वर्षांच्या मुलाला ओढाच पुरतो.

पाठीवरची बाळखुर्ची

मान पक्की धरणाऱ्या आणि आधाराशिवाय बसणाऱ्या बाळालाच ही द्यायची, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. चढावर तुम्ही घामाघूम होता, पण पाठीवरचं मूल हालचाल करत नसतं. वारा सुटला की तुम्हाला बरं वाटतं आणि ते गारठतं. म्हणून स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधू नका. त्याच्या मानेमागे, कपड्याच्या आत हात घालून बघा. नुसते हातपाय गार लागले म्हणून थंडी वाजतेय असं नसतं. अर्ध्या तासाने तरी खाली उतरवा, पाय मोकळे होऊ द्या. फांदीखालून जाताना तुमचं डोकं वाचलं तरी मुलाचं डोकं त्याहून वर असतं, तेव्हा कमरेतून न वाकता गुडघ्यात वाका. खाली ठेवताना मागचा टेकू पूर्ण उघडून अडकलाय ना, ते तपासा आणि मूल आत असेपर्यंत एक हात चौकटीवर राहू द्या. टेबलावर किंवा बाकावर ती कधीही ठेवायची नाही.

पाण्याजवळ जाणार असाल तर

इथे आम्ही थोडं कडक बोलतो, कारण बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. सगळी शक्ती श्वास घेण्यातच जाते, हाक मारायला काही उरत नाही. नुकतं चालायला लागलेलं मूल तोंडावर पडलं तर काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. म्हणून "नजरेत आहे" एवढं पुरत नाही, हात लांब केला की मूल धरता आलं पाहिजे. काठावर चार मोठी माणसं बसली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. त्यापेक्षा नाव घेऊन एकावर जबाबदारी टाका, त्याचा फोन पिशवीत जाऊ दे आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदला. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळे आणि पांढरे कपडे पाण्याखाली चटकन दिसत नाहीत.

लाइफ जॅकेट वजनावरून निवडायचं, वयावरून नाही. किती किलोपर्यंत चालेल ते आतल्या लेबलवर छापलेलं असतं. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं मागू नका, आम्ही देणार नाही. मुलाला जॅकेट घाला, सगळ्या क्लिपा लावा, दोन पायांमधला पट्टा ओढून बसवा. मग खांद्यांवर जॅकेट धरून वर उचलल्यासारखं करा. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकलं, तर मोठं आहे. पाण्यात असंच जॅकेट वर राहील आणि मूल त्यातून खाली घसरेल. ही तपासणी आमच्या काउंटरवरच करू, म्हणून मुलाला सोबत आणा. रडलं तरी चालेल, आम्हाला घाई नसते. दंडात घालायच्या हवा भरलेल्या पट्ट्या आम्ही ठेवत नाही, कारण ते खेळणं आहे, त्यावर जीव सोपवता येत नाही. आणि जॅकेट अंगात असलं तरी हाताच्या अंतराचा नियम सुटत नाही.

ऊन

सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली, टोपी आणि अंगभर सैल सुती कपडे हाच उपाय. त्याला वेगळं पाणी पाजू नका, दूध जास्त वेळा द्या. मोठ्या मुलांना एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. डोंगरावर हवा गार असते म्हणून हे टाळू नका. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, पण अतिनील किरणं जवळपास १० टक्क्यांनी वाढतात.

बाबागाडीवर चादर टाकून बाळ झाकू नका, आत हवा कोंडते आणि तापते. बंद गाडीत तर एक मिनिटही नाही. उन्हातल्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. अंग खूप तापलंय आणि मूल बरळतंय, सुस्त पडलंय किंवा झटके येताहेत, तर वाट बघू नका. सावलीत आणा, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

तंबू

जाण्याआधी एक रात्र घरीच तंबू लावून त्यात झोपा. नवी जागा आणि नवा अंधार एकाच रात्री नको. बाहेर लावताना झाड पूर्वेला राहील असं बघा, म्हणजे सकाळचं ऊन थेट कापडावर पडत नाही आणि मुलं थोडी जास्त झोपतात. फक्त वरची फांदी वाळलेली नाही ना, ते पाहा. कोरडं दिसलं तरी ओढ्याचं पात्र टाळा, वर कुठे पाऊस झाला तर पाणी अचानक येतं. दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो, तेव्हा बाळाला आत झोपवू नका. आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच नको, विझत आलेली सुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला काही कळत नाही.

परत आणताना तंबू वाळवून आणा, चेनमधली वाळू झटका. जॅकेटची क्लिप तुटली किंवा शिवण उसवली असेल तर आल्या आल्या सांगा. त्यासाठी आम्ही कुणाला बोलत नाही, पण ते जॅकेट दुरुस्त झाल्याशिवाय दुसऱ्या मुलाच्या अंगात जाता कामा नये.