बुरशीविष : उंदरांवरचे दीर्घकालीन परिणाम

धान्य, दाणे, पेंड यांच्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या स्वतःच्या पेशीत जी विषारी रसायनं बनवतात ती बुरशीविषं, शास्त्राच्या भाषेत मायकोटॉक्सिन. कोल्हापूरकडं दाण्याला 'बुरा आलाय' म्हणतात, पण दिसतो तो बुरा, विष नाही; बुरा झटकला, दाणे भाजले, चटणी कुटली तरी विष बऱ्यापैकी टिकून राहतं, कारण यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध अफ्लाटॉक्सिन चुलीवरच्या तव्याच्या उष्णतेला सहज दाद देत नाही. एकदम जास्त पोटात गेलं तर काय होतं ते माणसांतही दिसलंय (1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसटलेला मका खाऊन कावीळ पसरली, शंभराच्या वर माणसं गेली), पण थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर काय, हे बरंचसं उंदरांकडूनच कळलंय.

आणि इथंच मराठीची पंचाईत आहे. आपल्याकडं घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी (ती तर उंदीरच नव्हे), पण प्रयोगशाळेतला माऊस (लहान) आणि रॅट (मोठा) दोन्ही 'पांढरे उंदीर'च. पेपरात 'उंदरांवर प्रयोग' एवढंच येतं, कुठला उंदीर ते नाही. इतर विषयांत चालून जाईल, इथं नाही, कारण अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत हे दोघे जवळजवळ उलट वागतात. या नोंदीत म्हणून माऊस आणि रॅट असेच शब्द ठेवलेत.

सुरुवात 1960 ची. इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पिल्लं मेली, कारण सापडेना म्हणून 'टर्की एक्स' नाव पडलं, शेवटी बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीकडं गेलं. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती, तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन. बी आणि जी ही त्याच्या प्रकारांची नावं, अतिनील प्रकाशात ते निळे-हिरवे (ब्लू-ग्रीन) चमकतात त्यावरून पडली. 'मायकोटॉक्सिन' हा शब्दही साधारण याच सुमाराला, 1962 च्या आसपास रुळला असं मानतात.

रॅटवरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग वोगन आणि सहकाऱ्यांचा, 1974 चा. फिशर जातीच्या रॅटना आयुष्यभर अफ्लाटॉक्सिन बी-1 मिसळलेलं खाणं दिलं. किलोमागं 100 मायक्रोग्रॅमवाल्या गटात 28 पैकी 28 जणांच्या यकृतात गाठी, 50 ला 25 पैकी 20, आणि 15 ला 21 पैकी 4. (आपल्याकडं तृणधान्यातली कायदेशीर मर्यादाही 15 च आहे, पण लगेच घाबरू नये, त्या रॅटचं रोजचं सगळंच खाणं तसलं होतं.) त्याआधी 1968 मध्ये हैदराबादला माधवन आणि गोपालन यांनी दाखवलं की कमी प्रथिनांवर ठेवलेल्या रॅटचं यकृत विषानं लवकर खराब होतं पण कॅन्सरच्या गाठी मात्र भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांत दिसतात, हा निष्कर्ष आजही लोकांना बुचकळ्यात टाकतो.

माऊसचं वेगळंच. पूर्ण वाढलेल्या माऊसला याच्या कितीतरी पट दिलं तरी यकृताचा कॅन्सर सहसा होत नाही. बी-1 स्वतः तेवढं घातक नसतं, यकृतातली एन्झाइम्स त्याचं इपॉक्साइड नावाचं घातक रूप बनवतात आणि ते जाऊन डीएनएला चिकटतं. माऊसमध्येही इपॉक्साइड बनतं, उलट चांगलं भरपूर बनतं, पण त्याच्याकडं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज या एन्झाइमचा एक प्रकार (ए-3) असा जोरदार आहे की ते चिकटायच्या आत बांधून बाहेर काढलं जातं. ए-3 बनवणारं जनुक काढून टाकलेला माऊस बनवला तर तोही हळवा झाला. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांत हे एन्झाइम कमी असतं, त्यामुळं पहिल्या काही दिवसांत टोचलं तर पुढं यकृतात गाठी येतात. मग माणूस कुणासारखा? माऊस टिकतो म्हणून धोका फुगवलाय असं म्हणणारेही होते, पण माणसाच्या यकृतात ते ए-3 सारखं जोरदार काम फारसं दिसत नाही, तेव्हा या एका बाबतीत रॅटचंच ऐकलेलं बरं. जागतिक कर्करोग संस्थेनं अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटातच, म्हणजे माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं ठरलेल्यांत, ठेवलंय.

फ्युमोनिसिन हे दुसरं बुरशीविष (मका-ज्वारीवरच्या फ्युजेरियम बुरशीचं, 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वेगळं केलं) याचा अमेरिकेतला दोन वर्षांचा अभ्यास 2001 ला आला. बी-6-सी-3-एफ-1 या संकरित माऊसमध्ये माद्यांना 50 आणि 80 पीपीएमला (किलोमागं मिलिग्रॅम) यकृताच्या गाठी, नरांना परिणाम नाही. रॅटमध्ये उलट, नरांना आणि तेही मूत्रपिंडात. या माऊसच्या नरांना विष न देताही यकृताच्या गाठी बऱ्याच येतात, म्हणून ही जात वापरावी की नाही हा वाद जुनाच, पण इथं परिणाम माद्यांत दिसला असल्यानं तो आक्षेप तितका लागू पडत नाही.

आणखी काही बुरशीविषं : ऑक्राटॉक्सिन-ए मुळं नर माऊसमध्ये मूत्रपिंडाच्या गाठी. झिअरालेनोन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) म्हणजे व्होमिटॉक्सिन, नावातच उलटी, पण उंदरांना उलटी करताच येत नाही, त्यामुळं माऊस फक्त कमी खातो आणि वजन घटतं. काही माऊसमध्ये आयजीए नावाची प्रतिपिंडं वाढून मूत्रपिंडात साचतात.

आपल्या भागात संबंध येतो तो पाण्यामुळं. गगनबावडा-शाहूवाडीकडचा पाऊस, 2019 च्या पुरात भिजलेली पोती, काढणीच्या वेळी पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र-कर्नाटकच्या बाजूला, अशाच भिजलेल्या ज्वारी-मक्यातल्या फ्युमोनिसिननं पोटदुखी-जुलाबाची साथ आली होती. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दाणे घेणारी बाई मूठभर उचलून वास घेते, खवट असेल तर ठेवून देते, माणसांचा निम्मा बचाव तिथंच होतो. पण काढून टाकलेले दाणे आणि बुरसटलेली पेंड म्हशीपुढं जाते. बी-1 जनावराच्या यकृतात एम-1 या दुसऱ्या रूपात बदलून दिवसाभरात दुधात उतरतं, दुधातली मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि पेंड बदलली की तीन-चार दिवसांत ते दुधातून बहुतेक निघून जातं.